जुन्या फोटोतली अनोळखी माणसं: आधी काळ शोधा, चेहरा शेवटी पाहा

नाव न लिहिलेला जुना फोटो हातात आला की पहिली नजर चेहऱ्यावर जाते, आणि तिथेच बहुतेकांची वाट चुकते. ‘नाक अगदी आजोबांचं!’ असं कुणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि कुणीतरी लगेच मागे पेनने नाव लिहून टाकतं. पुढच्या पिढीला ते नाव पुरावा वाटतं. वास्तविक एका घराण्यात तेच नाक चुलत्याकडे असतं, मामेभावाकडे असतं, एक पिढी ओलांडून नातीकडेही येतं. चेहऱ्यावरून अंदाज फार लवकर बांधला जातो आणि तो खोडून काढणं फार अवघड जातं. म्हणून इथे सांगतो तो क्रम उलटा आहे. आधी फोटो ही एक वस्तू म्हणून तपासायची, त्यावरून काळ ठरवायचा, त्या काळात घरातलं कोण किती वर्षांचं होतं ते पाहायचं आणि अगदी शेवटी चेहऱ्याकडे वळायचं. याला वेळ लागतो, पण असं सापडलेलं नाव टिकतं.

हात लावण्याआधी

फोटो अल्बममध्ये असेल तर लगेच बाहेर काढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग मागच्या-पुढच्या पानांचा. ज्याने अल्बम लावला त्याने माणसं कोणत्या ओळीने ठेवली हीसुद्धा माहितीच आहे. नवरा-बायको बरेचदा समोरासमोरच्या पानांवर असतात, भावंडं जवळजवळ असतात. फोटो पाकिटात किंवा डब्यात असतील तर कोणता फोटो कशाबरोबर होता ते लिहून ठेवा. एकदा सगळे टेबलावर पसरले की हा संदर्भ परत मिळत नाही.

हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, फोटो कडांना धरायचा. पुसापुशी करू नका. डॅगेरोटाइप नावाच्या आरशासारख्या तबकडीवर तर मऊ कापड फिरवलं तरी प्रतिमेला ओरखडे जातात. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. मागे खूण करायचीच असेल तर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, हलक्या हाताने, आणि तीही फक्त क्रमांकाची. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि चिकटपट्टीचा डाग जाता जात नाही.

एक धोक्याची गोष्ट. डब्यात जुन्या निगेटिव्ह असतील तर जरा थांबा. १८८९ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीच फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे, आणि ती सहज पेट घेते. पिवळट-तपकिरी पडलेल्या, चिकट झालेल्या, उग्र वासाच्या निगेटिव्ह दिव्याजवळ किंवा गरम होणाऱ्या स्कॅनरवर नेऊ नका. त्या वेगळ्या, थंड आणि हवेशीर जागी ठेवा आणि एखाद्या अभिलेखागारातल्या जाणकाराला दाखवा. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर हा धोका नाही. मात्र तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे, तिचं स्कॅनिंग आधी उरका.

स्कॅन, दोन्ही बाजूंचे

हाताएवढ्या प्रिंटसाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरतं. अगदी लहान फोटो असेल तर १२०० वर जा. फोटो कृष्णधवल दिसत असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण कागदाचा पिवळेपणा, चांदीची झाक आणि शाईचा रंग हे सगळे पुरावे आहेत. टिफ स्वरूपात मूळ प्रत ठेवा आणि पाठवापाठवीसाठी जेपेगची वेगळी प्रत काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी ती स्कॅन करा. कडा कापू नका.

चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप ओळख पटवण्याच्या कामी वापरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. ती अस्पष्ट जागा अंदाजाने भरतात. डोळ्यांचा आकार, कानाची पाळी, कपड्यावरची बटणं, यातलं काहीही मुळात नसताना तिथे येऊ शकतं. भिंतीवर लावायला अशी प्रत करा हवी तर, पण तपासणी मूळ स्कॅनवरूनच.

फोटो कशावर उमटला आहे?

काळ ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा हाच. प्रत्येक तंत्र कोणत्या वर्षी आलं ते ठाऊक आहे, त्यामुळे ‘याच्या आधीचा नक्की नाही’ ही तारीख पक्की मिळते. ‘याच्या नंतरचा नाही’ ही तारीख मात्र नेहमी सैल असते. तंत्र जुनं झालं तरी काही ठिकाणी ते अनेक वर्षं चालू राहतं. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

धातूची चकचकीत तबकडी असेल आणि ती हलवल्यावर प्रतिमा कधी सरळ, कधी निगेटिव्हसारखी दिसत असेल तर तो डॅगेरोटाइप. ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि साधारण १८५० च्या दशकाच्या अखेरीस मागे पडली. काचेवर उमटलेला आणि मागे काळा रंग किंवा काळं कापड असलेला फोटो म्हणजे अँब्रोटाइप. त्याचा बहर १८५० च्या दशकाच्या मध्यापासून १८६० च्या दशकापर्यंतचा. हे दोन्ही बहुधा बिजागरीच्या छोट्या पेटीत असतात. पातळ लोखंडी पत्र्यावरचा, करड्या छटेचा फोटो म्हणजे टिनटाइप. तो १८५६ नंतरचा. लोहचुंबक जवळ नेला की पत्रा ओढला जातो, पण चुंबक फोटोवर घासू नका, मागच्या बाजूने जवळ न्या. टिनटाइप स्वस्त आणि लगेच मिळणारा असल्याने जत्रांमधून विसाव्या शतकातही काढले जात होते, म्हणून नुसतं टिनटाइप आहे एवढ्यावरून फार जुना समजू नका.

कागदी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पट्टी घेऊन पुठ्ठा मोजा. साधारण ६.३ बाय १० सेंटिमीटर असेल तर ते ‘कार्त द व्हिजित’. दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १८६० च्या दशकात त्याचं अक्षरशः वेड पसरलं. साधारण १०.८ बाय १६.५ सेंटिमीटर असेल तर ते कॅबिनेट कार्ड. हे १८६६ च्या सुमारास आलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत ओसरलं. आकारावरून काळाचा पट्टा मिळाला की पुठ्ठ्याकडे बारकाईने पाहा. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे हे सुरुवातीच्या काळाचं लक्षण. गोल कोपरे साधारण १८७० पासून दिसू लागतात. जाड पुठ्ठा, तिरप्या कापलेल्या सोनेरी कडा, मागे पानभर नक्षी असं असेल तर १८८० च्या दशकाकडे किंवा पुढे सरका. अमेरिकेतला फोटो असेल आणि मागे कराचं तिकीट चिकटवलेलं असेल तर तुमचं नशीब थोर. तो कर फक्त १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता.

आता भिंग घ्या आणि प्रतिमेचा पृष्ठभाग पाहा. तपकिरी-जांभळट छटा, पिवळे पडलेले उजळ भाग आणि कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद. तो १८५० मध्ये आला आणि १८९० च्या दशकापर्यंत त्याचंच राज्य होतं. काळ्या भागांत, विशेषतः कडांजवळ, तिरप्या प्रकाशात निळसर चांदीची झाक चमकत असेल तर बहुधा जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे १८८० च्या दशकापासून पुढे कधीही. संपूर्ण निळा फोटो म्हणजे सायनोटाइप. ही पद्धत १८४२ पासूनची, पण घरगुती निळे फोटो बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरचे असतात.

हौशी लोकांच्या हातात कॅमेरा आला तो १८८८ च्या कोडॅकबरोबर. त्याचे फोटो गोल असत, व्यास सुमारे ६.५ सेंटिमीटर. १९०० मध्ये स्वस्त ब्राउनी आला आणि अंगणातले, सहलीतले, न ठरवता काढलेले फोटो घरोघर साठू लागले. पोस्टकार्डावर छापलेला खरा फोटो असेल तर मागे पाहा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असणारी कार्डं ब्रिटनने १९०२ मध्ये आणि अमेरिकेने १९०७ मध्ये सुरू केली. तिकिटाच्या चौकटीत कागदाचं नावही असतं. ‘अ‍ॅझो’ या नावाभोवती चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर साधारण १९१८ ते १९३० असं मानतात. कागदाचा साठा वर्षानुवर्षं पडून राहू शकतो, तेव्हा यात चार-पाच वर्षांची मोकळीक ठेवा.

अलीकडच्या फोटोंसाठी खुणा सोप्या आहेत. नागमोडी कातरलेल्या कडा १९३० ते १९५० च्या दशकांत खूप दिसतात. खाली रुंद पांढरी पट्टी असलेला, जागच्या जागी उमटणारा पोलरॉइड १९७२ नंतरचा. चौकोनी रंगीत प्रिंट १९६३ मध्ये आलेल्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यानंतर बोकाळले. प्लास्टिकसारखा गुळगुळीत, पाण्याने न फुगणारा कागद १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. पांढऱ्या कडेवर महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर ती प्रिंट तयार झाल्याची तारीख. रीळ कॅमेऱ्यात कित्येक महिने पडून राहत असे, हे विसरू नका. आणखी एक चाचणी: अंधारात जांभळा अतिनील दिवा धरल्यावर कागद निळसर-पांढरा उजळला तर तो बहुधा १९५० नंतरचा, कारण त्या सुमारास कागदात चमक आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली. न उजळला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मागची बाजू वाचा

स्टुडिओचं नाव आणि पत्ता असेल तर अर्धं काम झालं. स्टुडिओ जागा बदलत, भागीदार बदलत, मुलाचं नाव जोडत. जुन्या व्यापारी निर्देशिका आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती अनेक ग्रंथालयांनी ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्यांतून ‘या पत्त्यावर हा स्टुडिओ अमुक ते तमुक वर्षं होता’ एवढं हाती लागलं की काळ एकदम पाच-सात वर्षांवर येतो. पदकांची चित्रं असतील तर त्यांवरची वर्षं वाचा. फोटो त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या वर्षानंतरचा. हाताने लिहिलेला आकडा दिसला तर तो बहुधा निगेटिव्हचा क्रमांक आहे, तो जपून नोंदवा. पुढे त्याचा मोठा उपयोग होतो.

पुसट अक्षरं वाचायला खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा. पेन्सिलचा रंग उडाला तरी दाबाचे ठसे सावलीने उठून दिसतात. जे लिहिलं आहे ते खरंच असेल असं नाही. अक्षर कोणाचं आणि कधीचं याचा विचार करा. ‘आई’ असं लिहिलं असेल तर कुणाची आई? लिहिणाऱ्याची. म्हणून घरातल्या जुन्या पत्रांशी अक्षर ताडून पाहणं हा मधला टप्पा कधीही गाळू नका.

आता चौकटीच्या आत

कपड्यांवरून काळ ठरवायचा तर चौकटीतल्या सर्वांत तरुण प्रौढ व्यक्तीकडे पाहा. वयस्कर माणसं ऐन उमेदीत घालत तेच पुढे तीस वर्षं घालतात. घरातली ऐपत, शोक, पाठच्या भावंडाला मिळालेले वापरलेले कपडे, यामुळे फॅशनची तारीखही ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. बाही, गळा, केसांचा भांग, टोपीचा काठ यांची तुलना त्याच प्रदेशातल्या, तारीख ठाऊक असलेल्या फोटोंशी करा. परदेशातल्या फॅशनचे तक्ते आंधळेपणाने लावू नका.

रंगांबद्दल एक इशारा. सुरुवातीच्या रसायनांना फक्त निळा प्रकाश नीट ‘दिसे’, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल कापड काळं येई, निळे डोळे पांढुरके येत आणि चेहऱ्यावरचे वांग गडद होत. जुन्या फोटोवरून कुणाचा वर्ण किंवा कपड्याचा रंग ठरवणं म्हणूनच चुकीचं आहे.

डॅगेरोटाइप, टिनटाइप आणि बरेचसे अँब्रोटाइप आरशातल्यासारखे उलटे असतात. गालावरचा तीळ, अंगठी, बटणांची बाजू, पाटीवरची अक्षरं पाहून खात्री करा आणि तुलना करताना स्कॅन उलटवून घ्या. एखाद्याच्या पायामागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की ‘हा मृत माणसाचा फोटो’ अशी अफवा पसरते. ते खोटं आहे. लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटेपर्यंतच्या वेळेत, जिवंत माणसाची मान हलू नये म्हणून तो आधार असे. प्रेताला उभं धरण्याची ताकद त्यात नव्हती.

वस्तू, वाहनं, वाहनाच्या नंबरपाट्या, भिंतीवरचं कॅलेंडर, विजेच्या तारा, गणवेशावरची पदकं, सगळं मोठं करून पाहा.

आणि एक फसगत ओळखायला शिका: फोटोचा फोटो. कपडे १८७० चे आणि कागद १९२० चा असं जुळत नसेल तर ती नंतर काढलेली प्रत असते. मूळ फोटोची कड, टाचणीची सावली, सपाट झालेल्या छटा, मूळ पुठ्ठ्याचा ओरखडा हेही फोटोत आलेले असतात. कुटुंबातलं कुणी दगावल्यावर नातेवाइकांसाठी अशा प्रती काढल्या जात. त्यामुळे प्रत कधी निघाली हेही वेगळं लिहून ठेवा, तो धागा असू शकतो.

कंस आणि यादी

आता सगळ्या पुराव्यांतून वर्षांचा एक कंस, म्हणजे ‘या वर्षापासून त्या वर्षापर्यंत’ असा पट्टा, तयार होतो. समजा, कॅबिनेट कार्ड आहे. स्टुडिओ त्या पत्त्यावर १८८९ ते १८९४ होता. फोटोत आई-वडील आणि तीन मुलं: सुमारे आठ वर्षांची मुलगी, सुमारे पाच वर्षांचा मुलगा आणि अजून धड बसता न येणारं तान्हं बाळ. प्रौढांचं वय फोटोवरून ठरवताना दहा-पंधरा वर्षं सहज इकडेतिकडे होतात, पण तान्ह्या बाळाचं वय काही महिन्यांच्या आत सांगता येतं. म्हणजे बाळाचा जन्म १८८८ ते १८९४ मधला, मुलगी त्याच्याहून सुमारे आठ वर्षांनी मोठी, मधला मुलगा सुमारे पाच वर्षांनी. आता वंशावळ काढा आणि मुलगी-मुलगा-बाळ या क्रमाची, या अंतराची भावंडं कोणत्या घरात होती ते शोधा. बहुधा एक किंवा दोन घरंच उरतात. चेहऱ्याकडे अजून आपण पाहिलेलंही नाही.

ही पद्धत किती दूर नेऊ शकते याचं एक खरं उदाहरण आहे. जुलै १८६३ मध्ये अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर एक अनोळखी सैनिक मृतावस्थेत सापडला. त्याच्या हातात तीन मुलांचा अँब्रोटाइप होता, ओळख पटेल असं दुसरं काही नव्हतं. त्या काळी वर्तमानपत्रं फोटो छापू शकत नव्हती. म्हणून ऑक्टोबरमध्ये त्या फोटोचं फक्त वर्णन छापलं गेलं: मुलं किती, कोणत्या क्रमाने बसली आहेत, अंदाजे वयं काय, आणि मोठ्या मुलाचा सदरा व मुलीचा झगा एकाच कापडाचे आहेत. ते वर्णन न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावच्या फिलिंडा हमिस्टनपर्यंत पोहोचलं. तिने नवऱ्याला असाच फोटो पाठवला होता. मग फोटोची प्रत तिला पाठवून खात्री केली गेली. सार्जंट एमोस हमिस्टनची ओळख पटली ती भावंडांच्या क्रमावरून आणि एका कापडावरून.

आता चेहरा

यादीत दोन-तीनच नावं उरली की तुलना करायची. नाव ठाऊक असलेला फोटो शक्यतो त्याच कोनातला, जवळच्या वयातला घ्या. केस, दाढी, जाडी-बारीकपणा बाजूला ठेवा. कानाकडे लक्ष द्या: पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची घडी कशी, आतला उंचवटा कुठे. वयाबरोबर कान थोडा लांबतो, पण त्याची घडण तीच राहते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पोलिसांत ओळख-पद्धती बसवणाऱ्या बेर्तियोंनेही कानाला मोठं महत्त्व दिलं होतं. मग डोळ्यांमधलं अंतर, भुवयांची सुरुवात, नाकाखालची पन्हळ, हनुवटी, बोटांची ठेवण. साम्य शोधत बसू नका, विसंगती शोधा. एक न पटणारा कान दहा जुळणाऱ्या नाकांपेक्षा जास्त सांगतो. चेहरे जुळवणारी संगणकीय साधनं वापरायला हरकत नाही, पण ती भावंडांत आणि बाप-लेकांत सर्रास घोटाळा करतात. त्यांचं उत्तर हा सुगावा समजा.

वडीलधाऱ्यांना विचारताना

‘हे मोठे काका ना?’ असं विचारलंत तर ‘हो’च येईल. नाव सुचवू नका. फोटो हातात द्या, प्रकाश चांगला हवा, आणि गप्प बसा. ‘हे घर कुठलं वाटतं?’, ‘ही खुर्ची कधी पाहिली आहे का?’ असे प्रश्न विचारा. चेहरा विसरलेल्या माणसाला पायरी, खिडकी, कुत्रा आठवतो आणि तिथून नावं यायला लागतात. दोघांना वेगवेगळं विचारा. परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करा, कारण नावाबरोबर येणारी गोष्ट नंतर पडताळणीला लागते. जी वडीलधारी आज आहेत त्यांच्याकडे आजच जा. स्टुडिओचा पत्ता शोधायचं काम थांबू शकतं.

नोंद अशी ठेवा

नावापुढे खात्रीची पातळी लिहा: नक्की, बहुधा, शक्यता. पुढे कारण: ‘स्टुडिओचा पत्ता १८८९ ते १८९४, मुलांची अंतरं जुळतात, आत्यांनी न सुचवता ओळखलं’. नाकारलेली नावंही कारणासकट ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तीच चूक नव्याने करेल. फाइलच्या नावात क्रमांक आणि वर्षांचा कंस घाला. संगणकाला दिसणारी तारीख स्कॅनची असते, ती फोटोची म्हणून राहू देऊ नका. फोटो सपाट, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा आणि माळा, ओलसर भिंत, ऊन या तिन्हींपासून दूर ठेवा.

जुळा फोटो शोधा

एवढं करूनही नाव मिळालं नाही तर फोटोची दुसरी प्रत शोधायला निघा. कार्त द व्हिजित आणि कॅबिनेट कार्डं डझनावारी छापून नातेवाइकांत वाटली जात. तुमच्याकडची प्रत कोरी असली तरी दुसऱ्या शाखेतल्या कुणाच्या अल्बममध्ये तोच फोटो नावासकट असू शकतो. घराण्याच्या जेवढ्या फांद्या ठाऊक आहेत, लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या मुलींची घरं धरून, तेवढ्या सगळ्यांना स्कॅन पाठवा. जिवंत माणसं दिसत असतील तर उघड्यावर टाकण्याआधी त्यांना विचारा. आणि नेहमी मागच्या बाजूचा स्कॅनही जोडा. फोटो वेगळा पण निगेटिव्हचा क्रमांक तुमच्या फोटोच्या लगतचा असेल, तर ती माणसं बहुधा त्याच दिवशी, त्याच स्टुडिओत एकत्र आली होती. आणि त्यांची नावं कुणाला तरी ठाऊक असू शकतात.